अकरा लग्नं आणि न दिसणारी डिस्क

ममता खोब्रागडे दुकानात आलेल्या माणसाला आधी बसायला सांगतात आणि मग तीन प्रश्न विचारतात. पडलं का? पाणी लागलं का? करंट कमी-जास्त झाला का? उत्तरं मिळेपर्यंत त्या मशीनला हात लावत नाहीत. समोरचा खोटं बोलतो असं त्यांना वाटत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की बिघडलेली वस्तू घेऊन येणाऱ्याला थोडी लाज वाटत असते आणि लाजेपोटी तो निम्मंच सांगतो. उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं या तीन प्रश्नांनी बाहेर येतं.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी हे तीन प्रश्न कमी पडले.

पांढरकवड्याच्या बस स्टँडमागे त्यांचं दहा बाय बारा फुटांचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘धर्मपाल रेडिओ सर्व्हिस’ असंच लिहिलेलं आहे. खाली लहान अक्षरांत कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर. धर्मपाल हे त्यांचे वडील. सत्तरच्या दशकात त्यांनी इथे रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं, पुढे टेप आणि टीव्ही आले. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं आणि सोबत एक दोनशे पानी वही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की काय झालं ते लिहायचं, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन चालू होईल, पण का चालू झालं ते कळणार नाही.

२००४ साली एका जिनिंगच्या मालकाने बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारात काढला. बापलेकीने तो आणून उघडला. पाच दिवसांनी तो चालू झाला. बंद का पडला होता, तेही वहीत आहे : ‘पॉवर सप्लायमध्ये कापसाची धूळ आणि एक पाल.’ त्यानंतर ममताताईंनी यवतमाळला मावशीकडे राहून दोन वर्षांचा कोर्स केला आणि परत येऊन त्याच टेबलावर बसल्या. आज त्यांचं वय एक्केचाळीस आहे. नवरा धम्मरत्न महामार्गावरच्या एका ढाब्याशेजारी ट्रकच्या वायरिंगचं काम करतो. नवीन गिऱ्हाईक अजूनही कधीकधी दारातून डोकावून विचारतं, “सर नाहीत का?” त्या म्हणतात, “सर नाहीत. मशीन ठेवा.”

त्या सोमवारी साडेदहाच्या सुमारास दुकानासमोर मोटारसायकल थांबली. चालवणारे हिरासिंग राठोड, वय छत्तीस, लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतात. गावापासून नऊ किलोमीटरवरच्या तांड्यात राहतात. मागे त्यांची आई हंसाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. हंसाबाईंना डोळ्याचे थेंब घ्यायचे होते, म्हणून त्या सोबत आल्या होत्या. डबा मांडीवर घेण्याचं काम ओघाने आलं.

हिरासिंग यांनी डबा टेबलावर ठेवला आणि बसायला सांगायच्या आधीच बोलायला लागले. जुनी हार्ड डिस्क आठ दिवसांपासून टक् टक् आवाज करत होती. शनिवारी त्यांनी नागपूरहून नवी आणली. चार टीबीची. रविवारी मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच बसवली. कॉम्प्युटर चालू होतो, पण नवी डिस्क त्याला दिसतच नाही.

“जुनीवर काय हाये?” ममताताईंनी विचारलं.

“अकरा लग्नं.”

“कॉपी?”

हिरासिंग यांनी डब्यावरची चादर सारखी केली.

“म्हणजे नाही.”

“नवीन डिस्क त्याच्यासाठीच आणली न ताई.”

“अन् कॅमेऱ्यातले कार्ड?”

“कार्ड चारच हायेत. एक लग्न झालं का डिस्कवर टाकतो अन् कार्ड कोरं करतो. नाहीतं दुसऱ्या दिवशीचं लग्न कायच्यावर घेऊ?”

म्हणजे हिशेब सरळ होता. एप्रिलपासूनच्या हंगामात काढलेली अकरा लग्नं जगात एकाच ठिकाणी होती आणि ते ठिकाण टक् टक् करत होतं. एकही लग्न अजून कापून, जोडून घरच्यांना दिलेलं नव्हतं.

“मांडव जळाला तरी चालते ताई,” हिरासिंग म्हणाले. “दुसरा घालता येते. पण शूटिंग गेली तं मी काय त्याइचं लग्न पुन्हा लावू? अकरा नवऱ्या माह्या दारात येऊन बसतीन.”

“येतीन,” हंसाबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. “अन् चहा मले करा लागन.”

ममताताईंनी तीन प्रश्न विचारले. हिरासिंग यांनी तिन्हींना नाही म्हटलं. डिस्क पडली नाही, पाणी लागलं नाही, करंट नीट होता. “माह्या लेकराले एवढं जपलं नसन मी.”

“ते खरं हाये,” हंसाबाई म्हणाल्या. “लेकरू गाडीवरून दोनदा पडलं.”

डबा उघडल्यावर ममताताईंनी पहिलं काम केलं ते जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवण्याचं. आजारी डिस्क जितक्या वेळा चालू होईल तितकी लवकर जाईल. नव्या डिस्कचा शोध लागेपर्यंत तिला उठवायचं कारण नव्हतं. “हिले झोपू द्या,” त्या म्हणाल्या आणि वहीत तारीख घातली.

विंडोज सुरू होण्याआधी मशीन आपल्याला काय काय जोडलेलं आहे ते स्वतः पाहून घेतं. चालू करताना एक बटण दाबून ठेवलं की ती यादी पडद्यावर दिसते. हिरासिंग यांच्या मशीनच्या यादीत एकच नाव होतं, विंडोज असलेल्या छोट्या डिस्कचं. नवी डिस्क नव्हती. याचा अर्थ दोष विंडोजच्या आधीचा होता : केबल, जोडणी, करंट किंवा खुद्द डिस्क.

ममताताईंनी डेटाची केबल बदलली. यादी तीच. बोर्डावरची जागा बदलली, कारण काही बोर्डांवर छोटी चपटी डिस्क बसवली की शेजारच्या एकदोन जागा आपोआप बंद होतात. यादी तीच. मग मशीनमधलीच करंटची दुसरी वायर लावली. काही नाही. त्यांनी डिस्कच्या पाठीवर दोन बोटं टेकवून ठेवली. चालू डिस्क बोटांना कळते, आत बारीक थरथर असते. ही थंड आणि स्थिर होती.

“फिरूनच नाही राह्यली,” त्या म्हणाल्या.

“मोबाइलवाल्यानं सांगतलंतं का केबल दाबून बसवा,” हिरासिंग म्हणाले. “मी दाबली.”

“हिऱ्या,” हंसाबाईंनी विचारलं, “त्या मोबाइलवाल्यानं तुही डिस्क पाह्यली होती का?”

“याडी,” हिरासिंग आईला म्हणाले, “त्यानं त्याची दाखवली. सारख्याच असते.”

“मंग त्याची काहून चालली?”

बाहेरून एक ट्रेलर हॉर्न देत गेला. कूलरचा वारा टेबलाकडे येऊ नये म्हणून ममताताईंनी तो हंसाबाईंकडे वळवला आणि पुढची परीक्षा घेतली. काही डिस्क नव्या पॉवर सप्लायच्या एका खास पिनेला करंट आला तर सुरू व्हायलाच नकार देतात. जुन्या पद्धतीचं चार पिनांचं जोड लावलं की हा प्रश्न सुटतो. ते लावलं. सुटला नाही. शेवटी डिस्क बाहेर काढली आणि दुकानातल्या तपासणीच्या मशीनला, दुकानाच्या केबलवर जोडली. तिथेही तेच.

सव्वाबारा वाजले होते. वहीत सहा ओळी झाल्या होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नाही’ लिहिलेलं होतं.

“डॉक्टर बी एवढ्या वेळा सुई टोचत नाही,” हंसाबाई म्हणाल्या.

“भाऊ,” ममताताईंनी पेन खाली ठेवला. “डिस्क मेलेलीच आली. परत पाठवा लागन. बदलून यायले आठ-दहा दिवस.”

“अन् जुनी? तवरी ठेवून देऊ?”

“ठेवाले ठेवा. पण अशी डिस्क एकदा पूर्ण थंडी झाली का पुन्हा फिरन याची गॅरंटी नसते. चालवली तरी धोका, ठेवली तरी धोका.”

हिरासिंग यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. ममताताईंनी कपाटातून दुकानाची एक जादा डिस्क काढली. ती पाचशे जीबीची होती. हिरासिंग यांची अकरा लग्नं मिळून आठशेच्या वर जात होती.

“हिच्यावर सहा मावतीन,” त्या म्हणाल्या. “फार तं सात. कोणती पयले घ्याची ते लिहून द्या. उरलेल्याइले मंग जशी जमन तशी.”

त्यांनी वहीचं एक पान फाडून पेनासह पुढे सरकवलं. हिरासिंग यांनी लिहायला सुरुवात केली, थांबले, एक नाव खोडलं. हंगामभर मांडवात उभं राहून ज्यांचं शूटिंग केलं त्यांच्यातली कोणती लग्नं वाचवायची आणि कोणती नशिबावर सोडायची, हे ठरवणं सोपं नव्हतं.

“सरपंचाचं पयले लिहू का?”

“सरपंचाची पोरगी कुठं देली?” हंसाबाईंनी विचारलं.

“पांढरकवड्यातच.”

“मंग कायले पयले? जे पोरी दूर गेल्या त्याइचं लिह्य. पुण्याची, हैदराबादची. त्याइले घरी बसून पाहाले तेवढंच हाये. जवळच्याइच्या घरी जाऊन हात जोडता येते.”

हिरासिंग यांनी सरपंचाचं नाव आठव्या क्रमांकावर नेलं. सर्वांत शेवटी त्यांनी मुकुटबनच्या मारोतराव काकडे यांच्या मुलाचं लग्न लिहिलं. मारोतराव ओळखीचे होते आणि नवराबायको दोघंही मुकुटबनलाच राहत होते.

यादी होत होती तेवढ्यात ममताताई नवी डिस्क खोक्यात परत भरायला लागल्या. दुकानाची करंटची केबल त्यांनी डिस्कपासून ओढून काढली आणि हात तिथेच थांबला. केबलचं टोक पांढऱ्या प्लास्टिकचं होतं. त्याच्या तोंडाशी लाल रंग होता.

गंज असेल असं त्यांना आधी वाटलं. पण परवा खोक्यातून निघालेल्या वस्तूला गंज कुठला? त्यांनी तो बोटाने पुसला. बोट चिकट झालं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

“भाऊ, माह्या केबलले तुपाचा वास कायले येते?”

हिरासिंग यांनी यादीतून मान वर केली आणि आईकडे पाहिलं. हंसाबाई रस्त्याकडे पाहत होत्या.

“ते याडीनं लावलंतं,” हिरासिंग म्हणाले. “पण मी पुसलं ताई. बसवायच्या आधी रुमालानं चांगलं पुसलं.”

“अन् मले काहून नाही सांगतलं?”

“तुम्ही पडलं का म्हणलं. पाणी लागलं का म्हणलं. तुपाचं कुठं विचारलं?”

ते खरं होतं.

“लावलं म्हणजे काय?” हंसाबाई आता दुकानाकडे वळल्या. “नवी वस्तू घरात आली. निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग लावला, कुंकू लावलं. याच्या गाडीले लावलं, फवारणीच्या पंपाले लावलं, टीव्हीले लावलं. बिघडलं का काही?”

“टीव्ही बिघडली,” हिरासिंग म्हणाले.

“ते वीज पडली म्हून.”

“आजी, कुंकू कुठं लावलं?” ममताताईंनी डिस्क त्यांच्यापुढे धरली.

“कपाळाले. अजून कुठं लावते?”

“हिचं कपाळ कोणतं?”

हंसाबाईंनी डिस्क हातात घेतली, उलटसुलट केली आणि खालच्या कडेला बोट ठेवलं. तिथे केबल लावायच्या जागेवर सोनेरी पट्ट्यांची रांग असते. “हे सारं अंग पत्र्याचं. इथीच तेवढं सोनं हाये. सोनं बाईच्या तोंडाजवळच असते न? नाकात, कानात. म्हून मी म्हणलं, हेच तोंड. तोंड सापडलं का कपाळ सापडलं.”

“अन् तूप?”

“कोरं कुंकू टिकेच ना त्याच्यावर. घसरे. मंग भोगाच्या तुपात कालवलं अन् नीट दाबून लावलं.”

आता सगळा प्रकार स्पष्ट झाला. डिस्कला करंट आणि डेटा ज्या पट्ट्यांमधून जातो, नेमक्या त्यांच्यावर हंसाबाईंनी तूप-कुंकवाचा जाड टिळा दाबून लावला होता. हिरासिंग यांनी वरवरचं लाल पुसलं, पण पट्ट्यांच्या मधल्या खाचा भरलेल्याच राहिल्या. मग मोबाइलवाल्याने सांगितलं म्हणून त्यांनी केबल दाबून बसवली आणि तो लेप केबलच्या तोंडातही गेला. ममताताईंनी सकाळपासून लावलेल्या प्रत्येक केबलने त्यातला आपला वाटा उचलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम त्यांनी काटेकोर पाळला होता. फक्त बदलायची गोष्ट त्या सहांमध्ये नव्हती.

त्यांना हे का सुचलं नाही, याचं कारणही त्यांनी नंतर वहीत लिहून ठेवलं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. तेव्हापासून घरात वस्तूंची पूजा नाही. रेडिओ आला, फ्रिज आला, पहिला कॉम्प्युटर आला, कुणीच कशाला कुंकू लावलं नाही. वहीतली ओळ अशी आहे : ‘आपल्या घरी करत नाहीत म्हणून डोक्यात आलं नाही. चौथा प्रश्न विचारायचा : वस्तूला काही लावलं का?’

हंसाबाई मात्र आता हसायला लागल्या होत्या. “म्हणजे डिस्क दिसत नव्हती ते माह्याच्यानं का? तोंडात तूप कोंबलं तं बोलन कशी?”

ममताताईंनी सर्किट साफ करायचं स्पिरिट आणि मऊ दाताचा जुना ब्रश काढला.

“पुसून टाकतं का सारं?” हंसाबाईंचं हसू थांबलं.

“पुसा लागन आजी. कुंकू लावाचंच असन तं बाहेरच्या डब्ब्याले लावा. एवढा मोठा पत्रा हाये.”

“आतल्या वस्तूचं कुंकू बाहेरच्या डब्ब्याले? नवरी सोडून मांडवाच्या खांबाले हळद लावाव का मंग?”

हिरासिंग यांनी ममताताईंकडे पाहून खांदे उडवले. दहा वर्षं लग्नं शूट करणाऱ्या माणसालाही या मुद्द्यावर आईशी वाद घालायची इच्छा नव्हती.

ममताताईंनी थोडा विचार केला आणि डिस्क सरळ धरली. वरच्या सपाट बाजूवर कंपनीचं लेबल होतं आणि कडेला टाचणीएवढं एक भोक. “हे पाहा. या भोकानं ते श्वास घेते. ते बुजवाचं नाही. सोन्यापाशी जायचं नाही. बाकी हे मधात एवढी जागा हाये. इथी कोरं कुंकू, एक बोट. तूप नाही.”

“टिकन?”

“कागदावर टिकते.”

हंसाबाईंनी कमरेची चंची सोडली. पान-तंबाखूच्या शेजारी कुंकवाची डबी होतीच. ममताताईंनी आधी साफसफाई उरकली. स्पिरिटने तीनदा धुतलं, ब्रश खाचांमधून फिरवला, मग शाळेच्या पोरांचं पांढरं खोडरबर घेऊन पट्ट्या एकेक करून हलक्या हाताने घासल्या. कॉम्प्युटरची मेमरी साफ करायलाही त्या तेच वापरतात. सगळं वाळेपर्यंत दहा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग हंसाबाईंनी लेबलाच्या मधोमध बोट टेकवलं. केबल नव्या पाकिटातल्या काढल्या, कारण वापरलेल्या सगळ्या आता संशयित होत्या.

मशीन चालू केलं. ममताताईंनी डिस्कच्या कडेला दोन बोटं ठेवली, कुंकवाला न लावता. मग त्यांनी हिरासिंग यांचा हात धरून तिथे ठेवला.

“फिरून राह्यली,” हिरासिंग म्हणाले.

यादीत दुसरं नाव आलं होतं. चार टीबी.

आनंद साधारण दीड मिनिट टिकला. विंडोज सुरू झालं, हिरासिंग यांनी घाईने माऊस घेतला आणि डिस्क जिथे दिसायला हवी ती खिडकी उघडली. तिथे फक्त विंडोजचा सी होता.

“ताई, नाही दिसून राह्यली. पुन्हा गेली.”

“नाही गेली. सरका.”

ममताताईंनी डिस्क सांभाळायचा भाग उघडला. तिथे खाली एक लांब काळी पट्टी होती. “हे पाहा. प्लॉट हाये, पण मोजणी झाली नाही अन् सातबारावर चढला नाही. म्हून तलाठ्याले दिसत नाही. आधी यादीत नाव नव्हतं, तो दोष होता. हा दोष नाही. नवी डिस्क अशीच येते.”

त्यांनी मोजणी केली. दोन टीबीच्या वरच्या डिस्कला जुनी पद्धत पुरत नाही, म्हणून नवी निवडली. कोऱ्या डिस्कवर टिचकी मारताना त्यांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला, जवळ दुसरी कुठली कोरी डिस्क नसतानाही. डिस्कला अक्षर दिलं, डी. खिडकीत डी उमटला. हंसाबाईंना त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला आणि पान लावायला घेतलं.

खरा धोका आता होता. दीडच्या सुमारास ममताताईंनी जुनी डिस्क जोडली. ती दोनदा टक् टक् करून थांबली. तिसऱ्यांदा ती फिरायला लागली.

खराब तुकडा लागला की तिथेच अडून न बसता पुढे जाणारा एक प्रोग्राम त्या अशा वेळी वापरतात. हिरासिंग यांची यादी आता वेगळ्या कामाला आली. जागा अकराही लग्नांना होती, पण डिस्क कुठे दम तोडेल हे माहीत नव्हतं, म्हणून क्रम तोच ठेवला : आधी दूर गेलेल्या मुली. पुण्याचं लग्न वीस मिनिटांत आलं. हैदराबादचं पंचवीस. मग चंद्रपूर, अमरावती.

“एक लावून दाखव न,” हंसाबाई म्हणाल्या. “आलं का खरंच?”

“आता नाही आजी. ते बोजा घेऊन चढून राह्यली. मधातच बोलवू नका.”

अडीचला वीज गेली. इन्व्हर्टरने एक पिप् केलं आणि पंखा मंदावला. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत राहिली. ममताताईंनी जेवणाचा डबा उघडला, भाकरी, बेसन आणि ठेचा तिघांत वाटला. हिरासिंग यांनी ठेचा खाताना एकदाही पडद्यावरून नजर काढली नाही आणि त्याची किंमत दोन ग्लास पाण्यात मोजली. हंसाबाईंनी बेसनात ओवा कमी आहे असं सांगून दुसरी भाकरी घेतली.

आठव्या क्रमांकाला, म्हणजे सरपंचांच्या मुलीच्या लग्नाला, आवाज वाढला. वेग निम्म्यावर आला. हिरासिंग उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. ममताताईंनी टेबलावरचा छोटा पंखा डिस्कच्या तोंडाशी लावला, बाकी काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. नववं आलं. दहावं अडखळत आलं. पाच वाजून दहा मिनिटांनी मुकुटबनचं लग्न सुरू झालं आणि पाच पंचेचाळीसला पट्टी भरली. खाली एक लाल ओळ होती : एक फाइल वाचता आली नाही. जुनी डिस्क तेवढ्यात एकदा जोरात टक् झाली आणि थांबली. पुन्हा चालू करून पाहिली, फिरली नाही.

“भाऊ, या आत,” ममताताईंनी हाक मारली. “अकराही आले. अकराव्यातली एक फाइल गेली. सहा मिनिटांची.”

हिरासिंग यांनी नव्या डिस्कवरच्या फाइली क्रमाने उघडून पाहिल्या. सप्तपदी होती, मंगळसूत्र होतं, पंगत होती. वरात बस स्टँडपासून निघालेली होती आणि मग एकदम मांडवाच्या दारात होती. मधला बँडचा भाग नव्हता.

“कापताना जोडून टाकतो,” ते म्हणाले. “कुणाले समजन?”

“समजन. ज्याचं लग्न हाये त्याले समजते. आत्ताच फोन करा. मंग सांगाल तं लपवलं म्हणतीन.”

हिरासिंग यांनी आईकडे पाहिलं. हंसाबाईंनी पान चघळत मान हलवली, ममताताईंच्या बाजूने. मारोतराव काकडे म्हणजे नवरदेवाचे वडील. हिरासिंग यांनी फोन लावून टेबलावर स्पीकरवर ठेवला.

“मारोतराव, हिरासिंग बोलतो. शूटिंगवाला.”

“झाली का कॅसेट?”

“व्हायची हाये. थोडी गडबड झाली.” त्यांनी डिस्कचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, तुपाचं गाळलं. “लग्न सारं आलं. पण सहा मिनिट गेले. मले माफ करा.”

“कोणते सहा मिनिट?”

“वरातीतले. बँडवाले चौकात थांबले होते न, तिथले. तुम्ही टोपी फेकली तिथून पुढचे.”

“मी खुर्चीवर चढलो, ते त्याच्यातच होतं का?” मारोतरावांनी विचारलं.

“हो.”

“अन् व्याह्याले उचललं ते?”

“तेही.”

“खुर्ची मोडली ते?”

“सारं त्याच्यातच होतं मारोतराव.”

“अन् ते सारंच गेलं? पक्कं?”

ममताताई फोनकडे झुकल्या. अर्धवट माहिती देणं त्यांना जमत नाही. “दादा, मी कॉम्प्युटरच्या दुकानातून बोलते. इथून तं गेलं. पण नागपूरला डिस्क उघडून आतला माल काढणारे लोक हायेत. तिथी पाठवली तं ते सहा मिनिट निघू शकते.”

“नाही नाही बाई,” मारोतराव घाईने म्हणाले. “तुम्ही कायले तकलीफ घेता? नागपूर-बिगपूर काही करू नका. राहू द्या. लग्न आलं न? मंग झालं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् हिरासिंग, एक काम कर. आमच्या घरी येऊन तूच सांग का ते मशीननं खाल्लं. मी सांगतलं तं मंडळी म्हणन, ह्याइनंच फोटोवाल्याले कापाले लावलं.”